पोर्टेबल एसीच्या पोटातलं पाणी

जूनचा पहिला आठवडा. मुंबईत पाऊस अजून नीट लागलेला नसतो, पण हवा अंगाला चिकटायला लागलेली असते. एप्रिल-मे विनातक्रार चाललेला पोर्टेबल एसी एका रात्री बीप करतो, कॉम्प्रेसरची घरघर थांबते आणि पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकायला लागतात. कुठल्या यंत्रावर ‘एफएल’, कुठल्यावर ‘एफटी’, कुठल्यावर ‘पी१’. घरातलं कोणीतरी ‘गॅस संपला’ असा निकाल देऊन मोकळं होतं आणि सकाळी मेकॅनिकला फोन जातो. यंत्र बिचारं धडधाकट असतं. त्याच्या तळाचा ट्रे काठोकाठ भरलेला असतो आणि तो रिकामा करा, एवढंच ते सांगत असतं.

एसी म्हटला की पाणी आलंच. भिंतीवरच्या स्प्लिट एसीचं पाणी बारीक पाइपातून गुपचूप बाहेर जातं. खिडकीतल्या एसीचं मागच्या बाजूनं ठिबकतं, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि सोसायटीच्या सभेत विषय होऊन बसतं. पोर्टेबल एसी मात्र अख्खाच्या अख्खा खोलीत उभा असतो. गरम हवा जाड नळीतून खिडकीबाहेर सोडता येते. पाण्याला तशी आयती वाट नसते. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, पागडीच्या जुन्या इमारतीत बाहेरचं युनिट टांगायला जागा नसते, दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलतं, अशा लोकांनी हे चाकांवरचं यंत्र घेतलेलं असतं. दुकानात टन, थंडावा आणि रिमोट यांवर भरपूर बोलणं होतं. पाण्याचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

हे पाणी येतं कुठून ते आधी पाहू, कारण ते किती वेळा काढावं लागेल याचं उत्तर तिथेच आहे. एसीच्या पोटात दोन कॉइल असतात, एक थंड आणि एक गरम. थंड कॉइलचं तापमान साधारण १० अंशांच्या आसपास असतं. १० अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे ९.४ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ राहूच शकत नाही. जास्तीची असेल ती कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर पाणी होऊन ओघळते आणि खालच्या ट्रेमध्ये जमते.

आता नागपूर घ्या. मे महिन्यातली दुपार, ४३ अंश तापमान, आर्द्रता १५ टक्के. एका घनमीटर हवेत वाफ साधारण ९ ग्रॅम. म्हणजे कॉइलवर ओघळायला जवळपास काहीच नाही. त्याच वेळी मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर वाफ २३ ग्रॅम. पारा दहा अंशांनी खाली, पण हवेतलं पाणी अडीचपट. विदर्भात वाळ्याचा कूलर झकास चालतो आणि ठाण्या-मुंबईत तोच कूलर नुसती ओल वाढवतो, त्याचं कारण हेच. नागपुरात उन्हाळाभर पोर्टेबल एसी चालवणाऱ्याला यंत्राला खाली बूच आहे, हेही जुलैपर्यंत माहीत नसतं. तेच यंत्र बदलीबरोबर मुंबईत आलं की आठवड्याभरात अडून बसतं, आणि दोष येतो टेम्पोवाल्याच्या आदळआपटीवर.

खरं तर हवेतलं पाणी काढणं हे या यंत्राचं मूळचंच काम. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेम्स या छापखान्याची अडचण होती ती कागदाची. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळा चढवावा लागे. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आखडायचा, आणि दुसरा रंग पहिल्याच्या शेजारी जाऊन बसायचा. विलिस कॅरियर या पंचविशीतल्या अभियंत्यानं त्या जुलैत जो आराखडा केला, त्यात छापखान्याची आर्द्रता वर्षभर ५५ टक्क्यांवर ठेवायची होती. कामगारांना गार वाटावं हा त्यातला हेतू नव्हताच. आपण आज ज्याला एसीची कटकट म्हणतो, तेच त्या पहिल्या यंत्राचं उत्पादन होतं असं म्हणायला हरकत नाही.

या पाण्याला किंमतही पडते. वाफेचं एक लिटर पाणी होताना सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता सुटते, आणि ती उचलून बाहेर टाकण्याचं काम यंत्रालाच करावं लागतं. एक टनाच्या एसीची क्षमता साधारण साडेतीन किलोवॅट. तो तासाला एक लिटर पाणी काढत असेल तर त्याची जवळजवळ एक पंचमांश ताकद निव्वळ पाणी करण्यात जाते. त्या ताकदीनं हवा एका अंशानंही गार होत नाही. विजेच्या हिशेबात, ट्रेमध्ये पडलेल्या दर लिटरमागे साधारण पाव युनिट. हा खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. कोरड्या हवेत घाम सुकतो आणि २७ अंशांवरही बरं वाटतं. दमट खोलीत २४ वर रिमोट नेऊनही उशी ओलसर लागते.

आता एक साधा हिशेब, आणि त्यात या यंत्राची खरी खोड उघडी पडते. दहा बाय बाराची खोली, छत दहा फूट. म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. बाहेर ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर त्या सगळ्या हवेत मिळून जेमतेम पाऊण लिटर पाणी असतं. खोली २५ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणायची तर त्यातलं ३५० ग्रॅमच्या आसपास काढायचं, म्हणजे एक मोठा पेलाभर. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला पन्नासेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो, तेही धरा. तरी रात्रभरात कित्येक लिटर कुठून जमतं?

ते यंत्र स्वतःच आत ओढून आणतं. आपल्याकडचे बहुतेक पोर्टेबल एसी एका नळीचे असतात. गरम कॉइल गार ठेवायला ते खोलीतलीच हवा घेतात, तापवतात आणि त्या जाड नळीतून बाहेर फेकतात. तासाला काही शे घनमीटर हवा अशी बाहेर जाते. खोली रिकामी तर राहू शकत नाही. गेली तितकीच हवा दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या काचांमधून, पंख्याच्या झरोक्यातून आत येते आणि येताना आपलं बाष्प घेऊन येते. तासाला २०० घनमीटर हवा आली आणि प्रत्येक घनमीटरमध्ये दहा ग्रॅम जास्तीचं पाणी असलं, तर दोन लिटर पाणी तासाला खोलीत शिरतं. यंत्राला ते सगळं काही पकडता येत नाही. जेवढं पकडतं तेवढं ट्रेमध्ये पडतं. दार घट्ट लावलं, पडदे ओढले तरी पाणी येतच राहतं ते यामुळे. दोन नळ्यांच्या यंत्रात गरम कॉइलसाठी हवा बाहेरूनच घेतली जाते, त्यामुळे हा प्रकार बराच कमी होतो. अमेरिकेत ऊर्जा खात्याच्या नियमांमुळे खोक्यावर आता हा तोटा धरून काढलेला दुसरा आकडाही छापतात, आणि १४,००० बीटीयू क्षमतेचं म्हणून विकलं जाणारं यंत्र त्या मोजमापात आठ-दहा हजारांवर येतं. आपल्याकडे दोन नळ्यांचं यंत्र मिळालं तर थोडे पैसे जास्त देऊनही घ्यावं, असं माझं मत.

एका नळीचंच घरात असेल तर निदान हवा कुठून आत यावी, हे आपल्या हातात आहे. नळी बसवायला जी प्लास्टिकची सरकती पट्टी मिळते, तिच्या आणि खिडकीच्या चौकटीमधली फट फोमच्या पट्टीनं नीट बुजवा. बाहेरची गरम, दमट हवा मुख्यतः तिथूनच येते. दिवाणखान्याकडच्या दाराखालची फट मात्र तशीच राहू द्या. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा बरी असते. आणि पावसाळ्यात त्याच खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घातले असतील, तर ट्रे भरल्याबद्दल यंत्राला बोल लावू नये. ते कपडे वाळवतंय. (मुद्दाम कपडे वाळवायला ‘ड्राय’वर लावणारी घरं आहेत आणि ती शहाणी आहेत.)

‘आमच्या यंत्रातलं पाणी आपोआप उडून जातं’ असं दुकानदार सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण पुरतं खरंही सांगत नसतो. थंड कॉइलवरून पडलेलं पाणी तळाशी गोळा होतं. तिथे एक छोटी चकती किंवा पंप ते उडवून गरम कॉइलवर मारतो. तापलेल्या पत्र्यांवर त्याची पुन्हा वाफ होते आणि ती नळीतून बाहेर निघून जाते. कल्पना मोठी नामी आहे. पाणी जमताना जेवढी उष्णता यंत्राच्या गळ्यात पडली होती, साधारण तेवढीच पाणी उडताना गरम कॉइलवरून घेऊन जातं. कॉइल थोडी गार राहते आणि कॉम्प्रेसरला दम मिळतो. चालू यंत्रातून मधूनच खळखळ किंवा चर्र असा आवाज येतो तो याचाच.

हे गणित कोरड्या दिवसांत जुळतं. हवा फार दमट झाली की पाणी जमण्याचा वेग उडण्याच्या वेगापुढे जातो. खोली हवी तितकी गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा कॉइलवरचं राहिलेलं पाणी खाली ठिबकत राहतं, पण ते उडवायला उष्णता नसते. एका हंगामाची धूळ पाण्यात कालवून तळाशी गाळ झाला की चकतीच अडते. फिल्टर तुंबलेला असेल तर थंड कॉइलवर चक्क बर्फ धरतो, आणि यंत्र बंद केल्यावर तो सगळा एकदम वितळून ट्रेमध्ये उतरतो. म्हणून फिल्टर पंधरवड्याला धुवा, हा सल्ला पाण्याच्या दृष्टीनंही खरा.

ट्रेमध्ये एक फ्लोट असतो, संडासाच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्याच्या जातीचा. पाणी ठरावीक रेघेच्या वर गेलं की तो उचलला जातो आणि कॉम्प्रेसर बंद पाडतो. हे झालं की पाणी काढण्याला पर्याय नाही.

काम सोपं आहे, फक्त पहिल्यांदा करताना फरशीवर तळं होण्याची शक्यता दांडगी. आधी बटण बंद करून प्लग काढा. नुसत्या रिमोटवर विसंबू नका. एक्स्टेन्शन बोर्ड यंत्राच्या पायाशी पडलेला असेल तर तो उचला. (एसी एक्स्टेन्शन बोर्डावर चालवूच नये, पण लोक चालवतात.) दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे कॉइलवरचं पाणीही खाली उतरेल. मग जाड नळी सोडवा आणि यंत्र हळूहळू ढकला. पंचवीस-तीस किलोचं धूड चाकांवर झटक्यानं वळलं की ट्रेमधलं पाणी हेलकावे खातं आणि सांडतं.

न्यायचं कुठे? खालचं तोंड यंत्राच्या मागच्या बाजूला, जमिनीपासून इंच-दीड इंचावर असतं. तिथे बादली सोडाच, परातही बसत नाही. ज्यांनी आराखडा केला त्यांनी स्वतः कधी हे पाणी काढलं नसावं, असा माझा दाट संशय आहे. आपल्या घरांत याला उत्तम उपाय म्हणजे मोरी किंवा बाल्कनी. न्हाणीघराची फरशी सहसा खोलीपेक्षा थोडी खाली असते. यंत्राची पाठ तिकडे करून तोंड कडेच्या बाहेर येईल असं उभं करा. मधे संगमरवरी उंबरा आडवा आला तर यंत्र उचलून पलीकडे ठेवायला दोन माणसं लागतात. एकट्यानं त्या फंदात पडू नये. अशा वेळी केकचा उथळ ट्रे किंवा कडा असलेलं ताट सरकवून थोडं थोडं पाणी काढायचं, मधे मधे बूच लावायचं आणि शेजारी एक जाडसर पोछा अंथरून ठेवायचा.

बूच बहुधा दुहेरी असतं. बाहेरची झाकणी आट्यांवर फिरवून काढली तरी थेंब येत नाही आणि माणूस समजतो, टाकी रिकामीच होती. आत रबराचं दुसरं बूच असतं. ते बोटांनी ओढलं की हाताला ‘फट्’ असं जाणवतं आणि पाणी एकदम येतं. म्हणून ताट आधी, बूच नंतर. पाण्याची धार मंदावली की यंत्र तोंडाकडे किंचित, अगदी दोन बोटं कलतं करा. आडवं करू नका. आडवं झालं तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये शिरतं, आणि मग यंत्र उभं करून ते परत जागेवर यायला वेळ द्यावा लागतो. माहितीपुस्तिकांमध्ये २४ तास थांबायला सांगितलेलं असतं. शेवटी रबरी बूच आणि झाकणी दोन्ही घट्ट बसवा, प्लग लावा. पडद्यावरची अक्षरं गेलेली असतील.

गेली नसतील आणि ट्रे तर रिकामा असेल, तर फ्लोट गाळात चिकटून वरच अडकला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. खालचं तोंड उघडं ठेवून वरून थोडं कोमट पाणी सोडून तळ धुता येतो, पण यंत्राची रचना तशी परवानगी देत असेल तरच. नाहीतर हे काम माहीतगाराकडून करून घ्यावं. उलटही होतं. अक्षरं येतच नाहीत, पण यंत्राखाली पाणी साचतं. त्यात नव्वद टक्के वेळा बूच तिरकं बसलेलं असतं किंवा फरशीला उतार असतो. बाल्कनीजवळची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते, आणि एसी नेमका तिथेच उभा असतो.

रोज रात्री बीप ऐकायचा कंटाळा आला की माणूस कायमच्या नळीच्या शोधात निघतो. बहुतेक यंत्रांना त्यासाठी वेगळं, वरचं तोंड दिलेलं असतं. त्याला पारदर्शक प्लास्टिकची नळी घट्ट बसवली की थंड कॉइलचं पाणी तळाशी न जाता थेट बाहेर पडतं. इथे बहुतेकांचं चुकतं ते एकाच बाबतीत: नळी गरम हवेच्या नळीबरोबर खिडकीतून बाहेर काढायची. तोंड जमिनीपासून फूट-दीड फुटावर, खिडकीचा कट्टा तीन फुटांवर. पाणी चढत नाही. नळी तोंडापासून टोकापर्यंत उतरतीच हवी. मधे कुठे गादीखालून वर आली किंवा वेटोळं झालं की तिथे पाणी आणि हवा अडकते आणि मागचं पाणी पुन्हा तळाला जातं. टोकही बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. उतार मिळतच नसेल तर एसीचं पाणी वर चढवणारे छोटे पंप मिळतात. एसीचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करावी. आणि वरची नळी कोरड्या महिन्यांत काढून ठेवणं बरं. पाणी गरम कॉइलवर उडालं की यंत्राला जी मदत होते, ती या नळीनं बंद होते. जून ते सप्टेंबर नळी, एरवी बूच.

जमलेल्या पाण्याचं काय? दिसायला स्वच्छ, क्षार जवळजवळ नाहीत. म्हणून कोणी ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला निघतं. घालू नये. ते धुळीनं माखलेल्या कॉइलवरून आलेलं असतं आणि त्यात तांब्या-ॲल्युमिनियमचा अंश असतो. बॅटरीला नेमका तोच नको असतो. पिणं तर दूरच, कारण ट्रेच्या कोमट अंधारात जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. यंत्राला येणारा कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. झाडांना, लादी पुसायला, संडासात ओतायला हे पाणी उत्तम. मोठ्या प्रमाणावर त्याचं मोलही आहे: दुबईच्या बुर्ज खलिफात एसीचं पाणी गोळा करून बागांना देतात आणि ते वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन भरतं, असा आकडा दिला जातो. वाळवंटाच्या काठावर, समुद्राच्या दमट हवेतून मिळालेलं पाणी!

बाल्कनीत नळीखाली ठेवलेल्या बादलीकडे मात्र लक्ष हवं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही, असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंत त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून सांगतं, त्यात ही बादलीही धरा. नुसती ओतून भागत नाही. अंडी बादलीच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी कित्येक महिने तग धरतात. काथ्यानं घासावी लागते.

ऑक्टोबरचा उष्मा सरला की काहीजण यंत्र तसंच कोपऱ्यात ढकलतात, त्यावर जुनी चादर टाकतात आणि मार्चमध्ये चालू केल्यावर नाकाला रुमाल लावतात. त्याऐवजी खालचं तोंड उघडून ट्रे पूर्ण रिकामा करावा, मग एखाद्या कोरड्या दिवशी अर्धा दिवस नुसता पंखा चालवावा, म्हणजे कॉइल आणि आतला भाग वाळतो. फिल्टर धुऊन, वाळवून परत लावायचा, यंत्र उभंच ठेवायचं. बूच सुटं ठेवू नका, लगेच जागेवर बसवा. तेवढंच रबरी बूच बाजारात सुटं मिळवताना फार हिंडावं लागतं.